पाण्याखालची पिन

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघर जी आवराआवर चालते, तिच्यात एक जुना वाद दर वर्षी नव्याने निघतो. कपाटाची मागची बाजू पुसायची की नाही? कपाट भिंतीला लावलेले असते. पाहुणा तिथे डोकावत नाही. लक्ष्मीसुद्धा, घरातील तरुण मंडळींच्या मते, पुढच्या दाराने येते आणि पुढच्याच खोलीत बसते. मग त्या बाजूसाठी अर्धा तास का दवडावा? घरातील वडीलधारी बाई यावर युक्तिवाद करीत बसत नाही. "ओढ ते कपाट पुढे," एवढेच म्हणते. वाद तिथे मिटतो. पण प्रश्न मिटत नाही. जे काम कुणाला दिसणार नाही, ते चांगले का करावे? हा प्रश्न कपाटाएवढाच आहे असे मला कधी वाटले नाही. माणसामाणसांचा बराचसा व्यवहार या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, आणि ते उत्तर आपण फारसे कधी शोधलेले नसते.

या प्रश्नाचा विचार करताना मला एक उदाहरण फार उपयोगी पडते. ते आमच्या गावचे नव्हे. मी केडगावचा. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. सभोवती ऊस, गुऱ्हाळे आणि नदीपासून मळ्यांपर्यंत गेलेल्या पाइपलाइनी. समुद्र म्हणाल तर सह्याद्रीच्या पलीकडे. तेव्हा शिडाच्या होडीचा पंखा कसा काढतात आणि पुन्हा कसा बसवतात, यावर केडगावकराने लिहावे हे थोडे आगाऊपणाचेच दिसेल. पण माझा एक भाचा गोव्यात मांडवीकाठच्या एका गोदीत नोकरीला आहे. आणि पावसाळ्यापूर्वी होड्या पाण्याबाहेर ओढून ठेवतात त्या दिवसांत मी त्याच्याकडे गेलो होतो. तिथे एका उपड्या पिंपावर बसून हे काम मी सकाळपासून दुपारपर्यंत, अथपासून इतिपर्यंत पाहिले.

शिडाच्या होडीला पंखा हवाच कशाला, असे कोणी विचारील. बंदरात शिरताना, धक्क्याला लागताना किंवा वारा पडल्यावर लहानसे इंजिन कामी येते, आणि इंजिनाची ताकद पाण्याला लावायची तर पंखा हवा. गंमत अशी, की शिडे भरली म्हणजे हाच पंखा नुसता पाण्यातून फरपटत येतो आणि होडीचा वेग खातो. म्हणून काही होड्यांना पाकळ्या मिटणारे पंखे बसवतात. 1860 साली पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या ब्रिटिश युद्धनौकेवर तर शिडे उभारली की आख्खा पंखा पाण्यातून वर उचलून घेत. त्याचे दोर ओढायला सुमारे 600 माणसे लागत. माझ्यासमोरचा पंखा पितळी, तीन पात्यांचा आणि एका माणसाला दोन हातांत धरता येईल एवढा होता. इथे अडचण वजनाची नव्हती, पकडीची होती.

पंख्याचा शाफ्ट टोकाकडे निमुळता होत जातो. पंख्याचे भोकही आतून तसेच निमुळते असते. एकाच्या अंगात दुसरा घट्ट दाबून बसला की दोन धातू जणू एकजीव होतात. जोडीला एक लोखंडाची किंवा पितळेची चावी, म्हणजे शाफ्टच्या आणि पंख्याच्या खाचेत मिळून बसणारी लांबट पट्टी. मागे नट, त्यावर चेक नट, आणि शेवटी शाफ्टमधून आरपार जाणारी एक दुबोटी पिन. मेस्त्र्याने पात्याला लाकडाचा ठोकळा अडकवून शाफ्ट फिरू नये अशी व्यवस्था केली. पिनेची वाकवलेली टोके सरळ करून ती उपटली. नट ढिले केले, पण आतला नट पुरता काढला नाही. दोनतीन आट्यांवर ठेवला. पंखा सुटला म्हणजे एकदम उडतो, तो अंगावर येऊ नये म्हणून. मग पुलर लावला. पुलरचा बोल्ट आवळायचा, थोडे थांबायचे, बोल्टाच्या डोक्यावर हलकेच ठोकायचे, पुन्हा थांबायचे. शेजारी मोठा घण पडला होता. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे ओळखून मेस्त्री म्हणाला, "त्यानं पंखा सुटेल बाब, पण शाफ्ट वाकेल, नाहीतर आतलं गिअर मोडेल. सुटलं म्हणजे झालं असं नाही ना." तासाभराने 'टक्' असा आवाज झाला आणि पंखा बोटभर मागे सरकला.

मला वाटत होते, अवघड भाग संपला. प्रत्यक्षात तो पुढेच होता. मेस्त्र्याने पितळ खरवडून पाहिले. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त झिजून गेले की धातू आतून गुलाबी दिसू लागतो. तसा पंखा दिसायला धड असला तरी मुळात पोकळ झालेला असतो. हा पिवळाच निघाला. मग शाफ्ट पुसून, बारीक पेस्ट लावून, पंखा त्यावर पुढेमागे फिरवून दोन्ही अंगे एकमेकांशी जुळवली आणि पेस्ट धुऊन काढली. आणि नंतर त्याने जे केले ते मला आधी कळलेच नाही. पंखा चावीशिवाय शाफ्टवर दाबून बसवला, तो कुठवर चढला तिथे पेन्सिलीने रेघ मारली, आणि पंखा परत काढला. मग चावी घालून बसवला आणि वाकून पाहिले. पंखा रेघेपर्यंत पोचला नव्हता. नखाएवढा अलीकडेच थांबला होता.

"चावी उंच झाली," तो म्हणाला. "पंखा आता शाफ्टवर नाही बसला, चावीवर बसलाय. नट आवळला तर घट्ट लागेल हाताला. पण पकड नाही."

त्याने चावी कानशीने घासली, पंखा पुन्हा चढवला, पुन्हा पाहिला. तिसऱ्या खेपेला पंखा रेघेला टेकला. नट आवळले, चेक नट आवळला. मी पिंपावरून उठलो. "झालं ना मेस्त्री?"

"नाही बाब, पिन राहिली."

"एवढे दोन नट आवळलेत, ते सुटणार कसे?"

"सुटत नाहीतच सहसा. पण मी आवळला म्हणून नट माझं ऐकेल असं थोडंच आहे?" असे म्हणून त्याने नवी पिन घातली आणि तिची दोन टोके दोन बाजूंना वाकवली. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही, हाही एक नियम आहे.

चार दिवसांनी ती होडी पाण्यात गेली. पंखा, नट, पिन सगळे पाण्याखाली. चावी उंच ठेवली असती तरी होडी तशीच दिसली असती, मालकाने तेवढेच पैसे मोजले असते आणि मेस्त्री दीड तास आधी जेवायला गेला असता. मग त्याने ती घासली का?

या प्रश्नाची तीन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. पहिले, देव पाहतो. हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. कित्येकांचे हात त्याच उत्तराने सरळ राहिले आहेत. पण देव पाहतो म्हणून जो चावी घासतो, त्याचे लक्ष चावीकडे असते की वरच्या डोळ्याकडे? पाहणारा कोणी नाही असे उद्या त्याला वाटू लागले तर चावी उंचच राहायची. दुसरे उत्तर व्यवहारी माणसाचे: कधी ना कधी उघडकीस येते आणि नाव जाते. हे अर्धेच खरे आहे. पंखा समुद्रात गळून पडला तर तो तळाशी जातो, आणि चावीची उंची त्याच्याबरोबर. पुष्कळ वाईट कामे कधीच उघडकीस येत नाहीत. ती दैवाच्या नावावर खपतात. तिसरे उत्तर कलावंताचे: चांगले काम करण्यातच आनंद आहे. हे मला सर्वांत आवडते, आणि सर्वांत कमी पुरते. आनंद रोज येत नाही. उन्हात, उपाशीपोटी, तिसऱ्यांदा पंखा चढवताना त्या मेस्त्र्याच्या तोंडावर मला तरी आनंद दिसला नाही.

उत्तराचा शोध घेत मी समुद्रावरून आमच्या नदीकडे येतो. आमच्याकडे पंखे आहेत, पण ते होडीला ढकलत नाहीत, पाण्याला ढकलतात. नदीकाठच्या प्रत्येक पंपाच्या पोटात एक पंखा असतो, तोही शाफ्टवर चावीने आणि नटाने धरलेला. एका वर्षी आमच्या शेजारच्या मळेकऱ्याचा पंप उघडावा लागला. चावी झिजली होती. नवी आणायची तर तालुक्याच्या गावी माणूस पाठवायला हवा. शेतीची वीज ठरलेल्या तासांपुरती, तीही पुष्कळदा रात्री. त्या रात्री ती यायची होती. पंप उघडणाऱ्याने जुन्या चावीखाली पत्र्याचा तुकडा घातला, नट आवळला, पंप बंद केला. चार रात्री पाणी नीट आले. पाचव्या रात्री मळेकऱ्याने घरूनच मोटार चालू केली. ती सुरू झाल्याचे त्याला कळले, आणि तो निर्धास्त झोपला. मोटार रात्रभर फिरली. पंखा जागचा हलला नाही. सकाळी पाहतो तो नुकती लावलेली कांद्याची रोपे कोरड्या सरीत माना टाकून पडलेली.

त्या माणसाला त्या रात्री काय दिसत होते याचा मी पुष्कळदा विचार करतो. काहीच नाही. पंप नदीवर, लोखंडी पोटात बंद, शेत अंधारात. त्याच्याजवळ पुरावा एकच होता, मोटारीचा. मोटार खोटे बोलत नव्हती. ती फिरतच होती. आपला सगळा संसार असाच मोटारीच्या आवाजावर चाललेला असतो. औषधाच्या बाटलीत काय आहे, पुलाच्या खांबात सिमेंट किती आहे, गाडीच्या चाकाचे नट कोणी आवळले, यांतले आपण काहीही पाहत नाही. पाहायचे म्हटले तर एक दिवस उगवून मावळणार नाही. आपण डोळे मिटून दुसऱ्याच्या हातात हात देतो, इलाजच नसतो.

इथे मला उत्तराचे एक टोक सापडते. जे काम तपासता येते ते आपण विकत घेतो. घेणारा पाहून घेतो आणि फसला तर दोष थोडा त्याचाही असतो. पण जे काम तपासताच येत नाही, ते आपण विकत घेत नाही, विश्वासाने सोपवतो. ती एक ठेव असते. बँकेत ठेवलेले पैसे मोजायला मालक रोज येत नाही म्हणून ते कमी मोजावेत असे कोणी म्हणणार नाही. उलट तो मोजायला येऊ शकत नाही म्हणूनच ते जास्त काटेकोरपणे मोजायला हवेत. काम जितके दृष्टीआड, तितके त्याचे देणे अधिक. कोणी पाहत नाही ही सूट नव्हे. तिनेच जबाबदारी वाढते.

आमच्या गावात याचे एक जुने आणि सुंदर उदाहरण होऊन गेले आहे. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केडगावला मुक्ती सदन वसवले, त्यात दुष्काळातून आलेल्या मुली आणि परित्यक्ता बायका नाना उद्योग शिकल्या. त्यांतला एक छापखान्याचा. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल तिथेच छापले गेले. 1922 मध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 मध्ये तो ग्रंथ बाहेर आला. खिळे जुळवण्याचे काम या बायकामुलींनी केले. जुळवणे सर्वांना ठाऊक असते, कारण ते छापून दिसते. पण पान छापून झाले की तेच खिळे सुटे करून एकेक आपापल्या खणात परत टाकावे लागत. 'घ'च्या खणात 'ध' पडला तर आज काही बिघडत नाही. बिघडते उद्या, आणि तेही दुसऱ्या बाईच्या हातून. तिची बोटे न पाहता खणात जातात, कारण सगळे खिळे पाहून उचलायचे तर पानच होणार नाही. काल संध्याकाळी कोणीतरी नीट परत ठेवले, या भरवशावर आजचे पान उभे राहते. काढण्यापेक्षा परत बसवण्यात नीती अधिक लागते, ती यामुळे. काढणाऱ्याचे फळ त्याला तिथेच दिसते. बसवणाऱ्याचे फळ दुसऱ्याच्या वाट्याला येते.

हीच गोष्ट समुद्राने एकदा फार कठोरपणे शिकवली. 1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लावली. नऊजण निघाले, एकच परतला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याची 'सुहेली' ही 32 फुटांची सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती. प्रवासाच्या सुरुवातीच्या काळातच, अटलांटिकमध्ये, तिच्या तळाच्या एका सांध्यातून पाणी येऊ लागले. तो गळ्यात दम धरून होडीखाली बुडी मारी, सांध्यात कापूस ठोकी, श्वास संपला की वर येई; शेवटी त्यावर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकून त्याने गळती थांबवली. मध्येच आलेला एक शार्क त्याला गोळी घालून मारावा लागला. 22 एप्रिल 1969 रोजी तो इंग्लंडला परतला.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा दुसरा एक माणूस होता. कर्जाचा आणि प्रसिद्धीचा तगादा मागे लागलेला. निघण्याची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर. होडी घाईघाईने पुरी केली, कित्येक कामे अपुरीच राहिली, आणि त्याच शेवटच्या दिवशी तो निघाला. अशा होडीने दक्षिणेचा समुद्र ओलांडणे शक्य नाही हे त्याला लौकरच कळले. तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि आपण पुढे चाललो आहोत असे बिनतारी संदेश पाठवत राहिला. पाहणारे कोण होते? जुलै 1969 मध्ये त्याची रिकामी होडी सापडली. आत त्याच्या वह्या होत्या; त्यांतून खरे काय घडले ते जगाला कळले. तो मात्र कधीच सापडला नाही. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे 5000 पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

या दोघांची गोष्ट सांगून एकाला सज्जन आणि दुसऱ्याला दुर्जन ठरवणे सोपे आहे. मला ते पटत नाही, आणि ते पाच हजार पौंड देणाऱ्यालाही पटले नसावे. क्रोहर्स्ट खोटे बोलला तो समुद्रात. पण त्या खोट्याची तयारी किनाऱ्यावर झाली होती, जिथे होडी पुरी होण्याआधी तारीख पुरी होत होती. याच्या उलट चित्र आपल्याच काळात दिवाडी बेटावर दिसले. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादई' बांधली गेली, आणि जो तिला घेऊन एकटा जाणार होता तो कॅप्टन दिलीप दोंदे ती बांधली जात असताना तिच्याजवळ होता. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात, चार बंदरांत थांबून, त्याने प्रदक्षिणा पुरी केली. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीने कुठेही न थांबता फिरून आला. आपल्या पायाखाली काय आहे हे पाहण्याची संधी दोंदेंना मिळाली. तुम्हाआम्हाला ती क्वचित मिळते.

आता त्या पत्र्याच्या तुकड्याकडे परत येतो. पंप उघडणाऱ्याला दोष द्यायलाच हवा. पत्रा घातला होता तर निदान सांगायचे होते. "चावी जुनी आहे, दोन दिवसांत बदला," एवढ्या चार शब्दांनी कांदा वाचला असता. न दिसणारे काम अपुरे ठेवणे कधी कधी भाग पडते. ते न सांगणे भाग पडत नाही. परंतु त्या दुपारी त्याच्या डोक्याशी उभे राहून "लाइट यायच्या आत उरक" असे कोण म्हणत होते? मजुरीत घासाघीस कोणी केली? आपण दिसेल त्याचेच पैसे मोजतो. नट आवळल्याचे देतो. रेघ मारून पंखा पुन्हा काढल्याचे देत नाही. मग आपल्याला नट आवळणारेच मिळतात, आणि आपण काळ फार वाईट आला म्हणून उसासे टाकतो.

त्या मेस्त्र्याची पिन मला अजून एका कारणासाठी आठवते. आपली पकड उत्तम आहे हे ठाऊक असूनही त्याने ती घातली. सद्गुणांबद्दल बोलताना आपण नेहमी घट्टपणाचे कौतुक करतो: निश्चय, बाणेदारपणा, शब्दाला जागणे. पण नट कितीही आवळला तरी तो रोजच्या थरथरीने सैल होऊ शकतो, आणि माणूसही. मी दमेन, विसरेन, घाईत असेन, हे आधीच मान्य करून जो स्वतःच्या मागे एक साधी पिन लावून ठेवतो, तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. हिशेब दुसऱ्याला दाखवणे, काम संपल्यावर एकदा परत फिरून पाहणे, "हे मला नीट जमलेले नाही" असे तोंडाने सांगणे, या सगळ्या पिनाच आहेत. त्या वापरण्यात कमीपणा नाही.

दिवाळीत पोस्त मागायला पुष्कळ हात दाराशी येतात: पोस्टमन, वायरमन, पाणी सोडणारा, कचरा नेणारा. त्यांचे वर्षभराचे काम आपण पाहिलेले नसते. ते नीट झाले म्हणूनच पाहावे लागले नाही. या वर्षी पोस्त देताना दोन मिनिटे थांबून त्यांना त्यांच्या कामाबद्दल काही विचारावे, असे मी ठरवले आहे. आणि पंप उघडायला कोणी आला, की त्याने मागितलेला जास्तीचा अर्धा तास मुकाट्याने द्यावा, असेही. अंधारात मोटार फिरत असेल तेव्हा शेताला पाणी पोचेल की नाही, हे त्या अर्ध्या तासात ठरलेले असते.